नऊ नंबरचा माळा

आमच्या ब्रिन्गारेगमध्ये जोन्स आडनावाची माणसं इतकी आहेत, की टपालवाल्याने नुसतं आडनाव वाचून पत्रं टाकायची ठरवली तर आठवड्याभरात सगळ्या गावाला एकमेकांची गुपितं कळतील. म्हणून आमच्याकडे नावामागे धंदा लावायची रीत आहे. मेउरिग जोन्सचं गॅरेज, म्हणून तो मेउरिग गॅरेज. हेफिन जोन्स शाळेत गणित शिकवतो आणि मटणाला शिवतसुद्धा नाही, पण त्याचा बाप खाटीक होता, म्हणून तो हेफिन खाटीक, आणि मरेपर्यंत खाटीकच राहणार. मेल्यावरही सुटका नाही. गावच्या मासिकात निधनवार्ता छापतात ती याच नावाने, नाहीतर कोण गेलं ते कोणाला कळायचं नाही. ज्याला असं नाव नाही तो आमच्यात परका. पाच वर्षं राहून गेलेल्या डॉक्टरलाही आम्ही शेवटपर्यंत डॉक्टर डेव्हिसच म्हणत होतो.

गुइलिम जोन्सला त्याचं नाव उशिरा मिळालं. तरुणपणी तो छपराला लावायच्या पाटीच्या दगडाच्या खाणीत होता. खाण बंद पडल्यावर त्याने दहा ठिकाणी पोट भरलं, आणि पंचेचाळिशीत कसलासा अभ्यास करून, परीक्षा देऊन, घरांना अक्षर देणारा माणूस झाला. घर विकायचं किंवा भाड्याने द्यायचं असलं की त्याच्या उबेचा दाखला लागतो. भिंती किती जाड, खिडक्यांना काच एक की दोन, बॉयलर कोणत्या काळातला, ऊब धरून ठेवायला माळ्यावर काचेची लोकर किती जाड अंथरलेली, हे सगळं बघून यंत्रात भरायचं. यंत्र घराला गुण देतं आणि गुणांवरून एक अक्षर, ए पासून जी पर्यंत. ए आमच्या गावात अजून कोणी पाहिलेला नाही. आमची घरं दगडाची, दीड हात जाड भिंतींची, वर पाटीची छपरं. आमची धाव डी पर्यंत. पण ई च्या खाली घसरलेलं घर भाड्याने देता येत नाही, असा कायदा आला, आणि गावात गुइलिमच्या यंत्राची चेष्टा करणारी तोंडं एकदम गप्प झाली.

गुइलिम कामाला चोख होता. शहरातून येणारे त्याचे जातभाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभे राहून माळ्याच्या झडपेत बॅटरी मारायचे आणि चालते व्हायचे. हा स्वतःची घडीची शिडी घेऊन फिरायचा. झडप उघडून कमरेपर्यंत वर जायचा, टेप लावून लोकरीची जाडी मोजायचा, टेपेसकट फोटो काढायचा आणि केसांत जाळी-जळमटं घेऊन खाली चहाला यायचा. एकदा असाच तो नेस्ताआंटींकडे चहाला गेला, तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावरचा लोकरीचा पुंजका चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "हा बघा आमचा गुइलिम माळा." झालं. दुसऱ्या दिवसापासून तो गावाचा गुइलिम माळा झाला, आणि त्याला त्याचा मनातून फार अभिमान होता.

नेस्ताआंटी म्हणजे गावच्या शाळेच्या स्वयंपाकीणबाई. एकतीस वर्षं त्यांनी आम्हा सगळ्यांना वाढलं. गुइलिम सात वर्षांचा असताना त्याची आई आजारी पडली ती उठलीच नाही. त्या वर्षी नेस्ताआंटी त्याच्या ताटात न विचारता दुसरा डाव टाकायच्या आणि मागचा पोरगा कुरकुरला तर त्याच्याकडे असं बघायच्या की तो स्वतःचाही डाव विसरायचा. पुढे गुइलिमचे केस पिकले तरी ती सवय गेली नाही. तो चहाला आला की कपात दोन चमचे साखर त्याच टाकायच्या, त्याच ढवळायच्या. कितीही मोठा झाला तरी तो त्यांचा 'अरे गुइलिम' आणि त्या त्याच्या 'अहो आंटी'.

असा हा माणूस एका नोव्हेंबरात घसरला.

मेउरिग गॅरेजचं चॅपल रांगेत, म्हणजे गावच्या प्रार्थनामंदिरासमोरच्या एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीत, नऊ नंबरचं घर होतं. आधीचा भाडेकरू गेला, तसा मेउरिगने आतून नवा रंग दिला, जिन्याच्या भिंतींना नवा कागद लावला आणि गुइलिमला फोन केला. मेउरिग म्हणजे चॅपलमध्ये पुढच्या मानाच्या बाकावर बसणारा माणूस, गायकवृंदाचा खर्जातला आवाज. गुइलिमचा शाळेपासूनचा दोस्त.

गुइलिमने खालची मोजमापं घेतली आणि शिडी घेऊन जिना चढला. बघतो तर माळ्याची झडप रंगात बसलेली. चारी कडांवरून पांढरा रंग एकसंध ओढलेला, फट म्हणून नाही.

"ही कापावी लागेल," गुइलिम म्हणाला.

"आता? अरे, कालच रंग वाळलाय. जिन्यातला कागद बघ, शिडीने फाटेल. आणि कशाला कापतोस? लोकर वर आहे."

"किती?"

"किती म्हणजे? आठ नंबरला सरकारी योजनेतून टाकली तेव्हाच माझीही आणली. एकाच गाडीतून आली. आठचा माळा तू गेल्याच आठवड्यात बघितलास ना? मग. एकच रांग, एकच छप्पर, एकच लोकर. संध्याकाळपर्यंत दाखला दे बाबा, चांगला भाडेकरू हातातून जाईल."

गुइलिमचा गुडघा त्या दिवशी ठणकत होता, बाहेर पाऊस होता, आणि समोर मित्र होता. पण हे सगळं नंतर स्वतःला सांगायला. खरं काय झालं ते त्यालाच ठाऊक. तो खाली येऊन व्हॅनमध्ये बसला आणि यंत्रात भरायला लागला. माळ्याच्या रकान्यात 'माहीत नाही' असं टाकून बघितलं. घर तेहतिसावर आलं. एफ. मग त्याने 'दोनशे सत्तर मिलिमीटर' टाकून बघितलं. एक्केचाळीस. ई. एकोणचाळिसाला ई सुरू होतो. म्हणजे सगळं घर त्या एका रकान्यावर टांगलेलं होतं, आणि हे गुइलिमने डोळ्यांनी बघितलं होतं. नजरचूक झाली असं म्हणायचीही सोय त्याने ठेवली नाही.

यंत्राला फोटो लागतो. गुइलिमने गेल्या आठवड्यात घेतलेला आठ नंबरच्या माळ्याचा फोटो शोधून काढला, जाड मऊ लोकरीत त्याची स्वतःची पिवळी टेप रोवलेली, आणि तो नऊ नंबरच्या नावाने चढवला. शिवाय खाली सही केली.

पुढच्या रविवारी त्याला कळलं की मेउरिगचा चांगला भाडेकरू म्हणजे नेस्ताआंटी. नवरा गेल्यावर त्यांना डोंगरावरचं घर झेपेना, म्हणून त्या गावात राहायला येत होत्या.  गुइलिमने स्वतःला समजावलं की मेउरिग खोटं बोलणारा माणूस नाही, लोकर असणारच. असेल तर मग जाऊन बघायला काय हरकत होती, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात गावचं मासिक चॅपल रांगेत वाटायचं काम गुइलिमकडे आलं. जानेवारीतल्या एका दुपारी त्याने नऊ नंबरचं दार वाजवलं.

"ये रे, ये. आणि दार लाव आधी, गारठा आत येतो," नेस्ताआंटी म्हणाल्या.

गुइलिमने दार लावलं. आतला गारठा बाहेरच्या गारठ्याला हसत होता. नेस्ताआंटींच्या अंगावर चॅपलला घालायचा जाड कोट, डोक्यावर विणलेली टोपी.

"कुठे निघालात की काय?"

"कुठे नाही रे." त्या जराशा ओशाळल्या. "घरात असाच घालते हल्ली. कोणाला सांगू नकोस. हीटर सकाळपासून चालू आहे, गॅसची शेगडी पेटवली आहे, पण माझ्या अंगात ऊबच उरली नाही. डॉक्टर म्हणतात रक्त पातळ झालंय. लोहाच्या गोळ्या दिल्यात. बस, चहा टाकते."

गुइलिम बसला. टेबलावर शब्दकोड्याचं पान आणि बोटं कापलेले हातमोजे होते. समोर फ्रिजवर, लोहचुंबकाच्या मेंढीखाली, त्याने दिलेला दाखला अडकवलेला होता. त्यावर ई हे अक्षर, आणि खाली ओळीत लिहिलेलं: छप्पर, दोनशे सत्तर मिलिमीटर लोकर, चांगलं.

"तो का लावून ठेवलाय?"

"का म्हणजे? तुझी सही आहे त्याच्यावर." नेस्ताआंटींनी कपात दोन चमचे साखर टाकली आणि ढवळली. "घर बघायला आले तेव्हा मेउरिग म्हणाला, आंटी, वरचं छप्पर बघायचंय का? मी म्हटलं, गुइलिम माळा बघून गेलाय, मी म्हातारी आणखी काय बघणार? घराला काही खोट नाही रे. खोट माझ्यात आहे. वय झालं की माणूस आतून विझत जातो. माझी बहीण विन्नी म्हणते घर बदल. तिला म्हटलं, बये, घर चांगलं आहे, कागदावर लिहिलंय."

त्यांनी मनुकांच्या पावाचा तुकडा पुढे केला. गुइलिमने तो चहात बुडवून खाल्ला. कानशिलं तापली होती. त्या घरात तेवढीच एक गरम गोष्ट असावी. आता बोल, आता बोल, असं मन म्हणत होतं, आणि तोंडाने तो म्हणाला, "पाव छान झालाय." मग उठला आणि निघून गेला.

फेब्रुवारीचं मासिक त्याने दाराच्या फटीतून सरकवलं आणि आंटींची पावलं दारापर्यंत यायच्या आत दहा नंबर गाठलं. भ्याडासारखा पळाला, दुसरा शब्द नाही त्याला.

त्याच्या बायकोच्या, एर्लिसच्या, कानावर ते आलंच. आमच्या रांगेत पडदे उगाच लावलेले नसतात. "चॅपल रांगेत तू पळत मासिकं वाटतोस म्हणे," ती जेवताना म्हणाली. "नेस्ताआंटींनी विचारलं, गुइलिम रागावलाय का माझ्यावर?"

गुइलिम वाडग्यातल्या सुपात चमचा फिरवत राहिला. मग त्याने तिला सगळं सांगितलं. 

"जा आणि सांग त्यांना."

"सांगितलं तर दाखला रद्द होईल. एफ लागला की ते घर भाड्याने ठेवता येत नाही. या वयात त्या कुठे जातील? त्यांच्यासाठीच मी..."

"त्यांच्यासाठी," एर्लिस म्हणाली. "तुझा परवाना जाईल ते नाही ना त्यात कुठे?"

दुसऱ्याचं भलं हे पांघरूण मोठं सोयीचं असतं, त्याखाली आपले पाय अगदी नीट झाकले जातात. गुइलिमने ते आणखी आठवडाभर ओढून घेतलं. आणि मग बर्फ पडला.

शुक्रवारी पडला, शनिवारी पडला, आणि रविवारी सकाळी लख्ख ऊन आलं. चॅपल सुटल्यावर सगळे पायरीवर उभे राहून समोरच्या रांगेकडे बघायला लागले. बारा घरांचं एकच लांब छप्पर, पांढरंशुभ्र. आणि मध्ये नऊ नंबरवर बर्फाचा कण नाही. ओली काळी पाटी नुसती चमकत होती, एवढ्या मापात की जणू कोणी सुरीने कापून तेवढाच तुकडा उचलला.

"नेस्ताआंटी, भट्टी लावलीत काय घरात?" हेफिन खाटीक म्हणाला.

"आम्ही इथे कुडकुडतोय आणि बाई छपरावरचा बर्फ वितळवतायत," कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

मेउरिग गॅरेजची छाती तर कोटाच्या गुंड्या तोडायला आली. "बघा, बघून ठेवा. मेउरिगचं घर आहे ते. याला म्हणतात ऊब. आमच्या गुइलिमने अक्षर जरा कमीच दिलं, मी म्हणतो डी द्यायला हवा होता."

त्या सगळ्या घोळक्यात एकालाच माहीत होतं की ज्या घराची ऊब घरात राहते त्याच्या छपरावर बर्फ टिकतो. ज्याच्या माळ्यावर काही नाही, त्याची ऊब पाटीतून वर जाते आणि आभाळाला तापवते. नेस्ताआंटींनी तीन हिवाळे जाळलेला गॅस त्या काळ्या चौकोनातून बाहेर गेला होता, आणि गाव त्याचं कौतुक करत होतं. गुइलिमला वाटलं, सगळी माणसं छपराकडे दाखवतायत ती बोटं आपल्याकडेच आहेत.

नेस्ताआंटी हसत होत्या. घराचं कौतुक ऐकून कोणाला बरं वाटत नाही? दोन कोट घालून, टोपी ओढून, त्या गुइलिमजवळ सरकल्या आणि त्याचा दंड धरून हळूच म्हणाल्या, "बघितलंस ना? बर्फ वितळतोय माझ्या घरावर. आणि मी आत रात्री टोपी घालून झोपते. म्हणजे आता शंकाच उरली नाही रे. मीच गार पडत चाललेय." त्यांच्या डोळ्यांत भीती होती. "चॅपलमध्ये कोणाला बोलू नकोस. लाज वाटते."

लाज त्यांना वाटत होती. गुइलिमला त्या क्षणी वाटलं, जमीन फाटली तर बरं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता तो शिडी, सुरी आणि बॅटरी घेऊन नऊ नंबरच्या दारात उभा राहिला.

"हे काय? आज कशाला शिडी?"

"माळा बघायचाय, आंटी."

"पुन्हा?"

त्याने शिडी आत घेतली. जिना चढून वर गेला, झडपेच्या चारी कडांवरून सुरी फिरवली. रंगाचे पापुद्रे जिन्यावर पडले. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम होतं. झडप वर ढकलली तसा गार वारा त्याच्या कपाळावर आला. तो कमरेपर्यंत वर गेला आणि बॅटरी लावलीच नाही, लावायची गरज पडली नाही. पाट्यांच्या फटींतून दिवस दिसत होता. उघड्या तुळया, त्यांच्यामध्ये खालच्या खोलीच्या छताच्या उघड्या पट्ट्या, आणि कोणे एके काळचा वर्तमानपत्राचा पिवळा कागद. मोजायला काही नव्हतं. आणि कोपऱ्यात, एकावर एक नीट रचलेल्या, प्लॅस्टिकचं वेष्टणसुद्धा न फोडलेल्या, काचेच्या लोकरीच्या अकरा गुंडाळ्या.

लोकर वर आहे, असं मेउरिग म्हणाला होता. होतीच वर. मेउरिग खोटं बोललाच नव्हता.

खाली जिन्याशी नेस्ताआंटी मान वर करून उभ्या होत्या. "ठीक आहे ना सगळं?"

गुइलिम खाली उतरला. शेवटच्या पायरीवर बसला. आणि वर न बघता त्याने सांगितलं. झडप रंगात बसली होती ते, आपण ती कापली नाही ते. आठ नंबरचा फोटो. तेहतीस आणि एक्केचाळीस. वर काहीही अंथरलेलं नाही ते. एकदा सुरू झाल्यावर तो काही लपवायचं विसरून गेला.

नेस्ताआंटी भिंतीला हात टेकून ऐकत होत्या. रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे मला काही झालेलं नव्हतं?"

"नाही, आंटी."

"त्या गोळ्या?"

"नाही."

"माझ्यामागे घड्याळ कोणाला द्यायचं, तेसुद्धा मी विन्नीला सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं हा शेवटचाच हिवाळा." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हातांत धरली, तिच्याकडे बघितलं. "तीन हिवाळे मी स्वतःला दोष दिला. घराला एकदाही दिला नाही, कारण घर तू बघितलं होतंस."

गुइलिमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, जिन्याच्या पायरीवर बसून रडत होता. आंटी त्याच्याजवळ आल्या नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी दाखला फ्रिजवरून काढला, घडी केली आणि त्याच्या हातात दिला. लोहचुंबकाची मेंढी फ्रिजवर तशीच राहिली.

त्याच दिवशी गुइलिमने परवाना देणाऱ्यांना स्वतः लिहून कळवलं. दाखला रद्द झाला, परवानाही गेला. त्याच्या जागी शहरातून एक तपासणारी बाई येऊन माळा बघून गेली आणि नऊ नंबरला एफ लावून गेली. मेउरिगने त्याला गॅरेजच्या दारात गाठलं.

"कबुलीच द्यायची होती तर चॅपलमध्ये देवाला द्यायचीस. यंत्राला कशाला? आणि मी तुला काय खोटं बोललो सांग. वर आहे म्हटलं, होती वर."

"होती," गुइलिम म्हणाला. "मी तुला दोष देत नाही. गुंडाळ्या मी पसरतो. तू फक्त किल्ली दे."

मेउरिगलाही काहीतरी बोचलं असणार, त्याने किल्ली दिली. नेस्ताआंटी दोन दिवस विन्नीकडे जाऊन राहिल्या. गुइलिमने एकट्याने त्या अकरा गुंडाळ्या फोडल्या, तुळयांमधून आणि मग तुळयांवरून आडव्या अंथरल्या. खाजेने अंग भरून गेलं, गुडघा सुजला. शनिवारी सकाळी सुरुवात केली आणि दुपारी तीनला संपलं. एवढंच होतं ते. तीन हिवाळ्यांना पुरून उरलेलं काम जेवणाची सुट्टी धरून सहा तासांचं होतं.

शहरातल्या त्या बाईने पुन्हा येऊन ई लावला. या वेळी खरा. नेस्ताआंटी घरी परतल्या.

गावाने गुइलिमला फार छळलं नाही. आमच्या गावाला छळायला वेगळी भाषा लागत नाही, नाव बदललं की झालं. शहरातल्या त्या जातभाईंसारखा शेवटच्या पायरीवरून परत फिरलेला म्हणून तो गुइलिम पायरी झाला. दुकानात, चॅपलमध्ये, मासिकातसुद्धा. "या गुइलिम पायरी, वर चला," अशी थट्टा दोन महिने चालली. गुइलिम हसून घ्यायचा. आपली पायरी आपण ओळखावी हे बरं, असं तो एर्लिसला म्हणाला, आणि ते त्याला मनापासून पटलं होतं. हे नाव त्याने कमावलेलं होतं. आता तो मेउरिगच्याच गॅरेजात पेट्रोलच्या खिडकीवर बसतो.

एप्रिलचं मासिक त्याने फटीतून सरकवलं नाही. नऊ नंबरचं दार वाजवलं आणि थांबला. त्याच्या मनात काय काय होतं. टोपी नसेल, कोट नसेल, खोली उबदार असेल, आंटी म्हणतील, ये रे पायरी. ते म्हटलं की सगळं मिटलं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. त्यांच्या तोंडून ते नाव ऐकायला तो अक्षरशः आसुसलेला होता.

दार उघडलं. आतून ऊब आली. नेस्ताआंटींच्या अंगावर पातळ फुलांचा ब्लाउज होता, गालांवर रंग होता, आणि त्या त्याच्याकडे बघून नीट, सभ्यपणे हसल्या. शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाला बघून हसायच्या तशा.

"या, मिस्टर जोन्स," त्या म्हणाल्या. "आत या ना. चहा घ्याल?"

तो आत जाऊन खुर्चीच्या कडेवर बसला. फ्रिजवर मेंढी होती, तिच्याखाली नवा दाखला होता, त्यावर दुसऱ्या कोणाची सही होती. नेस्ताआंटींनी दोन कप मांडले, चहा ओतला, साखरेचं भांडं पुढे ओढलं आणि चमचा हातात घेऊन थांबल्या.

"तुम्ही साखर घेता का?"

गुइलिमने मान खाली घातली.

"दोन चमचे," तो म्हणाला.